रात्री नऊपूर्वीचे पुण्य

मनुष्यजीवाचा आरंभ नेमका कोणत्या क्षणी होतो, या प्रश्नापुढे आमच्या आचार्यांनी आणि ख्रिस्ती धर्मगुरूंनी शतकानुशतके हात टेकले असता, त्याचा निवाडा अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी टेक्सासातील आपल्या मळ्यावरून, सुटीत असतानाच, दूरचित्रवाणीच्या एका भाषणात करून टाकला. मुहूर्त ठरला तो ९ ऑगस्ट २००१, रात्रीचे नऊ. त्या घटकेपूर्वी ज्या भ्रूणाचा विनियोग होऊन मूलपेशींची निपज सुरू झाली असेल, त्या पेशींवरील संशोधनास संघसरकारचा खजिना खुला. नवाचे ठोके पडल्यावर तेच कर्म, त्याच काचेच्या बशीत, त्याच हातांनी केले तरी दमडी मिळावयाची नाही.

आता वॉशिंग्टनचे रात्रीचे नऊ म्हणजे आमच्या मुंबईची दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसहाची वेळ. हा हिशेब निव्वळ पंचांगी करमणुकीचा म्हणावा, तर त्याच महिन्याच्या अखेरीस पात्र पेशीवंशांची जी यादी जाहीर झाली, तिच्यातील ६४ वंशांपैकी ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि ३ बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसच्या नावे दाखल होते. म्हणजे त्या महासत्तेच्या सदसद्विवेकाचा जवळजवळ सहावा हिस्सा हिंदुस्थानातल्या शीतकपाटांत ठेवलेला होता! पुढे यादीतले बहुतेक वंश दप्तरातच राहिले आणि संशोधकांच्या हाती वीस-बावीसच काय ते पडले, ही गोष्ट वेगळी. (यादी आणि माल यांचा मेळ बसावा, ही अपेक्षा आमच्या शिधावाटप दुकानांपाशीही कोणी धरीत नाही.)

त्या सुमारास अमेरिकेतील वंध्यत्व-चिकित्सालयांत सुमारे ४ लाख भ्रूण गोठून पडले होते. मातापित्यांना नकोसे झालेले भ्रूण केराच्या पेटीत टाकावयास संघसरकारचा मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो सरकारी पैशाने विकत घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते धरण्यास. खासगी पैशाने मात्र वाटेल ते करावे. परिणामी, आमच्या आजीच्या माजघराला साजेल असे सोवळेओवळे अमेरिकेच्या प्रयोगशाळांत अवतरले. एका भिंतीशी खासगी पैशाचे शीतकपाट, दुसरीशी सरकारी, आणि मधून वावरणारा संशोधक, आपला हात कशाला लागला याची भ्रांत घेऊन. २००६ साली काँग्रेसने हे बंधन सैल करणारे विधेयक संमत केले, तेव्हा अध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला, तोही गोठलेल्या भ्रूणांतून दत्तकविधीने जन्मलेली गोजिरवाणी बालके भोवती घेऊन.

भ्रूणसंशोधनाच्या विरोधकांनी प्रौढ मूलपेशींचा झेंडा उभारला, आणि अस्थिमज्जेच्या रोपणाने रक्ताचे रुग्ण खरोखर बरे होतात हे पाहता तो झेंडा काही पोकळ नव्हे. परंतु ज्यांनी जन्मात पेशी पाहिली नाही असे सभासद मज्जेच्या महतीची प्रवचने झोडू लागले. समर्थकही मागे नव्हते. २००४च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचे उमेदवार एडवर्ड्स यांनी, अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, आपला पक्ष निवडून आल्यास त्यांच्यासारखे पंगू खुर्चीवरून उठून चालू लागतील, असे आश्वासन देऊन टाकले. जपानचे यामानाका यांनी पुढे कातडीच्या पेशींनाच भ्रूणपेशींचे गुण आणून दाखविले, तेव्हा गुढ्या दोन्ही वाड्यांवर उभारल्या गेल्या.

२००९ साली ओबामांनी बुश यांचे बंधन उठविले आणि प्रकरण न्यायालयात गेले. वादींमध्ये खुद्द भ्रूणांचेही नाव होते. कायद्याच्या दृष्टीने भ्रूण ही व्यक्ती नव्हे, सबब त्यांना दाद मागण्याचा अधिकार नाही, असे ठरून ते बाहेर काढले गेले. आत राहिले ते प्रौढ मूलपेशींचे दोन संशोधक. आणि त्यांची फिर्याद २०१० साली वरिष्ठ न्यायालयाने ग्राह्य धरली ती अशासाठी की, भ्रूणवाल्यांचेही अर्ज येऊ लागल्यास सरकारी अनुदानासाठी या दोघांना चुरस वाढणार होती.