चाळिशीतला उमेदवार

पहिल्या नोकरीची मुलाखत आणि धंदा बदलताना द्यावी लागणारी मुलाखत यांत मोठा फरक आहे. पहिल्या वेळी उमेदवाराला फारसे काही येत नसते आणि ते त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या वेळी त्याला पुष्कळ काही येत असते आणि तेही त्याला ठाऊक नसते. मावळ तालुक्यात हा दुसरा प्रकार विपुल आढळतो. तो पस्तीस ते पंचेचाळीस वयाचा असतो. नावावर वडगाव किंवा तळेगावच्या फ्लॅटचे कर्ज, सातबाऱ्यावर चार भावांत वाटलेले भातखाचर आणि घरात शाळेत जाणारी मुले असतात. शेवटची मुलाखत दिली तेव्हा त्याच्या डोक्यावर पूर्ण केस होते.

धंदा बदलणे या तालुक्याला नवे नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली, १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी वीज काढली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. दर खेपेला काहींनी नांगर ठेवून दुसरे हत्यार उचलले. निवडीची जुनी पद्धत ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे: शिवाजी महाराज प्रत्येक मावळा स्वतः पारखून घेत आणि त्याच्या वर्तणुकीबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्यांचा जामीन घेत. आजच्या कंपन्या ‘रेफरन्स चेक’ या नावाने हेच करतात. फक्त उमेदवाराला गड चढायला लावत नाहीत.

अनुभवाची अट ओलांडण्याचे एक उत्तम उदाहरण लोणावळ्यातच आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला शिक्षणक्षेत्रात होते. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योग प्रयोगशाळेत नेला. ‘या क्षेत्रातला अनुभव किती?’ हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण संस्था त्यांनीच काढली होती. मुलाखत टाळण्याचा हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे. तो ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी पुढील तयारी.

तयारी बायोडेटापासून सुरू होते. उमेदवाराच्या संगणकात आधीच एक बायोडेटा असतो. तो लग्नाच्या वेळचा असतो. त्यातली रास, नाडी आणि मामांचे कूळ ही माहिती काढून टाकणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी झेरॉक्सच्या दुकानात पार पडते. दुकानदाराकडे एक तयार नमुना असतो, त्यात तो नाव आणि मोबाइल नंबर बदलून देतो. त्यामुळे कामशेतपासून देहूरोडपर्यंतच्या सर्व उमेदवारांचे जीवनध्येय एकच निघते आणि छंद म्हणून सर्वांना वाचन व संगीतश्रवण आवडते. मुलाखत घेणाऱ्याने ‘हल्ली काय वाचलंत?’ असे विचारल्यास शांतता पसरते. म्हणून छंदाची ओळ खोडावी, किंवा खरा छंद लिहावा. दर रविवारी राजमाची किंवा तिकोना चढणाऱ्या माणसाने ‘संगीतश्रवण’ लिहिण्याचे काही कारण नाही.

खरी अडचण ‘कामाचा अनुभव’ या रकान्यात येते. मावळी माणूस आपल्या कामाचे वर्णन तीन शब्दांत करतो. पवनानगर परिसरातल्या पॉलिहाऊसचा सुपरवायझर सांगतो, ‘फुलांचं बघतो जरा.’ प्रत्यक्षात हा गृहस्थ व्हॅलेंटाइन डेच्या आधी गुलाब नेमके फुलावेत म्हणून डिसेंबरातच छाटणीची तारीख ठरवतो, दांड्याच्या लांबीनुसार प्रतवारी करून घेतो, फुले शीतगृहात ठेवतो आणि माल वेळेत विमानतळाकडे रवाना करतो. तारीख एक दिवस चुकली तर १५ फेब्रुवारीला लाल गुलाबाला कोणी विचारत नाही, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. चाकणच्या गोदामात याच कामाला ‘सप्लाय चेन’ म्हणतात आणि पगार जास्त देतात.

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात दहा वर्षे उभा राहिलेला माणूस स्वतःबद्दल ‘काउंटरवर होतो’ एवढेच सांगतो. शेजारी त्याच चिक्कीची, जवळजवळ त्याच नावाची आणखी चार दुकाने असताना बस सुटायच्या आत गिऱ्हाइकाला चव दाखवून शेंगदाण्याची मागायला आलेल्याला काजूचीही बांधून देणे, हे विक्रीशास्त्राचे पूर्ण शिक्षण आहे. रिसॉर्टच्या मॅनेजरचेही तसेच. जुलैतला शनिवार, वीज गेलेली, जनरेटर रुसलेला, स्वयंपाकी घाटातल्या कोंडीत अडकलेला आणि चाळीस पाहुण्यांना एकाच वेळी कांदाभजी हवी. या अवस्थेत ज्याने कोणाचा आवाज चढू दिला नाही, त्याने ‘तुम्ही दडपणाखाली काम करू शकाल का?’ या प्रश्नाला घाबरू नये. शेतकऱ्याने तर अजिबात घाबरू नये. इर्जिक घालून, एक रुपया मजुरी न देता, वीस माणसे चिखलात उतरवून दोन दिवसांत इंद्रायणीची आवणी उरकणे ज्याला जमते, त्याला मनुष्यबळ व्यवस्थापन वेगळे शिकवावे लागत नाही.

अशा अनुभवाची मांडणी कशी करावी, याची एक सर्वमान्य रीत आहे: प्रसंग काय होता, जबाबदारी कोणती होती, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. चारही गोष्टी दोन मिनिटांत सांगायच्या असतात आणि शेवटी एखादा आकडा द्यायचा असतो. मराठी उमेदवाराची दोन ठिकाणी गडबड होते. पहिली, प्रसंगाचे वर्णन इतके रंगते की निष्पत्तीपर्यंत वेळच उरत नाही. दुसरी, ‘मी केले’ म्हणायला जीभ उचलत नाही. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ असे तो सांगतो. ही नम्रता ग्रामसभेत शोभते. मुलाखतीत तिचा अर्थ ‘दुसऱ्याने केले’ असा घेतला जातो. असे तीन-चार खरे प्रसंग कागदावर लिहून मोठ्याने म्हणून पाहिले की तयारीचा मोठा भाग संपतो.

मोठ्याने म्हणून पाहण्यासाठी समोर माणूस लागतो. इथे नातेवाईक पुढे येतात. निवृत्त मामांचा सल्ला असा असतो की साहेबांपुढे कमी बोलावे आणि खुर्चीच्या कडेवर बसावे. हिंजवडीत नोकरीला असलेला मेहुणा सांगतो की भरपूर बोलावे आणि मागे टेकून बसावे. दोघांचेही ऐकणारा उमेदवार मुलाखतभर पुढेमागे होत राहतो. सर्वांत कडक सराव नववीतली मुलगी घेते. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ असे ती विचारते आणि बाबा मूळ गावापासून सुरुवात करतात. पवना धरणात जमीन कशी गेली, आजोबांनी कुठे घर बांधले, थोरले काका रेल्वेत कसे लागले, असे करत आठव्या मिनिटाला त्यांची दहावी होते. मुलगी घड्याळ दाखवते. स्वतःची ओळख आताच्या कामापासून सुरू करावी, तेथून मागे जावे आणि दहावीच्या आधीच थांबावे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड समजला जातो: ‘बदल का करताय?’ जुन्या मालकाची गाऱ्हाणी सांगू नयेत, कारण ऐकणारा उद्याचा मालक असतो. ‘नवी आव्हाने आवडतात’ असेही सांगू नये. चाळिशीत आव्हाने कोणालाच आवडत नाहीत, हे समोरच्यालाही माहीत असते. कारखाना बंद पडला असेल तर एका वाक्यात तसे सांगावे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, निर्यातीचे उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. तिथल्या लाइनवर बारा वर्षे काढलेल्या कामगाराला नोकरी जाण्यात आपला दोष काय होता हे शोधत बसावे लागत नाही. तरी उमेदवार हे वाक्य मान खाली घालून सांगतो. ते मान वर करूनच सांगायचे असते. बदललेल्या मालकीचा खुलासा कंपन्या मान खाली घालून करत नाहीत.

‘मधली दोन वर्षे काय करत होता?’ हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. या बाबतीत तळेगाव दाभाडे येथे राहिलेले गो. नी. दांडेकर आठवावेत. लहान वयात घर सोडणे, गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदा परिक्रमा: आजच्या भरतीच्या संगणकाने या सर्व काळापुढे ‘गॅप’ असा लाल शेरा मारला असता. मराठी साहित्याने तो मारला नाही. सामान्य उमेदवाराच्या रिकाम्या काळात वडिलांचे आजारपण, शेत किंवा भाड्याने चालवलेली रिक्षा असते. तेवढे सरळ सांगावे. ‘फ्रीलान्स कन्सल्टन्सी करत होतो’ असे सांगणाऱ्याला ‘कोणासाठी?’ हा पुढचा प्रश्न येतोच.

उरलेले प्रश्न ठरावीक आहेत. ‘तुमचा दोष सांगा’ याला ‘कामात फार गुंतून जातो’ असे उत्तर देऊ नये. आजवर ज्यांनी ते दिले त्यांतले निम्मे चहाच्या टपरीवर सापडतात. खरा पण सुधारता येणारा दोष सांगावा, जसे की एक्सेल कच्चे आहे आणि क्लास लावला आहे. क्लास मात्र खरोखर लावावा. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ याचे प्रामाणिक उत्तर ‘याच लोकलमध्ये, पण बसायला जागा मिळालेली’ असे असले तरी तिथे पदाचे नाव घ्यावे. पगाराच्या बोलण्यात ‘सीटीसी’ आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक आधी समजून घ्यावा, कारण मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात धरलेली असते. रिसॉर्टमधून बाहेर पडणाऱ्याने जुन्या पगारात दोन वेळचे जेवण आणि खोलीही मोजावी. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असे म्हटले की ‘नाही सर’ म्हणून उठू नये. कंपनीची बस कुठपर्यंत येते, हे विचारण्यात कमीपणा नाही. नोकरी टिकणार की नाही ते पुष्कळदा त्यावरच ठरते.

प्रवासाचे नियोजन हा इथल्या तयारीचा स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात लोणावळ्यात जो पाऊस पडतो, तो तळेगावला येईपर्यंत निम्म्याहूनही कमी होतो आणि चिंचवडला अनेकदा ऊन असते. त्यामुळे लोणावळ्याचा उमेदवार कोरड्या लोकांच्या रांगेत एकटाच ओला बसलेला दिसतो आणि त्याला स्वतःची ओळख करून देण्याआधी हवामानाचा खुलासा करावा लागतो. इस्त्रीचा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावा आणि उतरल्यावर बदलावा. लोकल एक आधीची धरावी. दुपारी फेऱ्या विरळ असल्याने दोनची मुलाखत असली तरी घर सकाळीच सोडावे. मुलाखत शनिवारी असल्यास परतीचा विचार गाडीने करू नये. त्या दिवशी जुना महामार्ग भुशी धरणाकडे निघालेल्या पाहुण्यांचा असतो.

मुलाखतीनंतर ‘कळवतो’ असे सांगण्यात येते. हा शब्द होकार नसतो आणि नकारही नसतो. दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन ओळींचे पत्र पाठवावे, आठवड्याने एकदा फोन करावा आणि मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करावा. कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलायचा असेल तर अवश्य बोलावा. एक्सेलचा क्लास मात्र त्यामुळे माफ होत नाही. निवड झाली की पहिल्या दिवशी अठ्ठावीस वर्षांचा वरिष्ठ भेटतो आणि त्याला ‘सर’ म्हणावे लागते. या प्रसंगाची आगाऊ तयारी करता येत नाही आणि करावीही लागत नाही. पहिला पगार जमा झाला की जमते.