आधी टॅग, मग राग

आमच्या सोसायटीतल्या अप्पांकडे गाणं ऐकायला गेलात, तर आधी राउटर बघावा लागतो. हॉलमध्ये गणपतीच्या फोटोखाली तो आणि शेजारी एक काळा डबा. डब्यात दोन हार्ड डिस्क. एकीत जे, तेच दुसरीत. "एक गेली तरी भीमसेन जात नाहीत," हे सांगताना अप्पांचा चेहरा पॉलिसी विकलेल्या विमा एजंटासारखा फुलतो.

डब्यातलं गाणं घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर वाजलंच पाहिजे, हा अप्पांचा निवृत्तीनंतरचा संकल्प. त्यासाठी सगळ्या मशीनवर तो डबा 'झेड ड्राइव्ह' म्हणूनच दिसायला हवा. मुलाने एकदा आपल्या लॅपटॉपवर झेडचा 'वाय' केला आणि अप्पांनी बनवून दिलेल्या प्लेलिस्टमधलं एकही गाणं वाजेना. प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. "झेड म्हणजे झेडच!" त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत.

बोलायला लागले की मात्र टॅगांवर, म्हणजे फायलींवरच्या नावपट्ट्यांवर, येतात. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी आणि जोशी भीमसेन हे कॉम्प्युटरच्या लेखी तीन वेगळे गवई. त्यांना एका नावाखाली आणण्यात एक अख्खा पावसाळा गेला. तोवर घरात कुणी काही लावायचं नाही. "थांब रे, स्कॅन चालू आहे. आधी टॅग, मग राग."

गीतरामायणाने तर त्यांचा अंतच पाहिला. १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक अशी आलेली ती ५६ गीतं. अप्पांनी फायलींना १, २, ३ असे आकडे दिले. टीव्हीला जोडलेल्या मशीनने ते अक्षरांसारखे वाचले: १, १०, ११, १२ आणि मग कधीतरी २. रामनवमीला सगळे हात जोडून बसले, तर रामजन्माच्या आधीच सीतेचं स्वयंवर! काकू म्हणाल्या, "अहो, नवरदेव जन्मू तरी द्या!" दुपारभर बसून अप्पांनी एकआकडी नंबरांआधी शून्य लावलं. "शून्याचा शोध आपल्याकडे उगाच नाही लागला," हे वर ऐकवलंच.

खरं सांगायचं तर अप्पा पूर्ण गाणं ऐकतच नाहीत. सुरुवात, थोडं मधलं, थोडं शेवटचं. विलंबित संपून द्रुत कधी सुरू झालं त्यांना कळत नाही. फाइल कुठे तुटली ते बरोबर कळतं. मुलगा मोबाइलवर ऐकतो, काकू रेडिओवर. दोघांनाही एकच प्रश्न: "बिटरेट किती?"

परवा मला मुद्दाम बोलावून त्यांनी एक फाइल दाखवली. काकूंनी लग्नाआधी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हटलेलं नाट्यगीत. माहेरच्या माळ्यावरची कॅसेट आणून, तिची फीत पेन्सिलीने गुंडाळून, खरखर शक्य तेवढी काढून फ्लॅकमध्ये घेतलेलं. टॅग चोख: कलाकाराच्या जागी काकूंचं माहेरचं नाव, प्रकार नाट्यसंगीत, साल १९७८. हे एवढं एक गाणं अप्पांनी शेवटपर्यंत वाजवलं.

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि स्क्रीन बघून थबकल्या.

"साल कशाला घातलंत? येणाऱ्याजाणाऱ्याला वय कळतं."

"अगं, साल काढलं तर यादीत तू सगळ्यांच्या वर येशील. भीमसेनांच्याही!"

"मग येऊ दे की," काकू म्हणाल्या.