रिकाम्या खुर्चीची घाई

नगरसेवकाची जागा रिकामी होण्याचे कायद्याला मान्य असलेले प्रकार पुष्कळ आहेत. त्यातला सर्वांत सभ्य प्रकार म्हणजे निधन. बाकीच्या प्रकारांत वाद होतात, तारखा पडतात, स्थगिती मिळते. निधनाला स्थगिती नाही. (तो अधिकार नगरविकास खात्याकडे असता तर गोष्ट वेगळी होती.)

निधनानंतरची पहिली हालचाल फ्लेक्सवर दिसते. चौकात रातोरात पंधरा फुटी भावपूर्ण श्रद्धांजली उभी राहते. वर हार घातलेले दिवंगत, खाली ‘शोकाकुल’ म्हणून दहा-बारा चेहरे. त्यातला एक चेहरा इतरांपेक्षा अंमळ मोठा असतो, हात जोडलेला असतो आणि शोकात असूनही त्याची दाढी नुकतीच कोरलेली असते. तो नीट बघून ठेवावा. पुढचे दोन महिने तोच तुमच्या सोसायटीच्या गणपतीला वर्गणी देणार आहे.

दशक्रियेला घाटावर गर्दी लोटते. एकेक नेता उठून ‘पोकळी कधीही भरून न निघणारी’ असल्याचं सांगतो आणि बसताना शेजारच्याला विचारतो, वहिनींना उभं करताय की धाकट्याला? पिंडाला कावळा शिवत नाही. मुलांची लग्नं लावू म्हणून झालं, गावचं घर विकणार नाही म्हणून झालं, तरी कावळा झाडावरच. शेवटी पक्षाचे शहराध्यक्ष पुढे होतात, हात जोडतात आणि मोठ्यानं म्हणतात, ‘अण्णा, तिकीट घरातच राहील.’ कावळा खाली येतो.

मग सर्वपक्षीय आवाहन निघतं, की दिवंगतांना खरी श्रद्धांजली म्हणून ही पोटनिवडणूक बिनविरोध करावी. आवाहनावर सगळ्यांच्या सह्या असतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच सह्यांचे सात अर्ज येतात.

२०१७ साली मुंबईत भांडुपच्या प्रभाग ११६ मधल्या काँग्रेसच्या नगरसेविकेचं निधन झालं. ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. सूनबाई उभ्या राहिल्या, पण सासूबाईंच्या पक्षाकडून नव्हे, भाजपकडून, आणि निवडून आल्या. समोर शिवसेनेनं आमदारांच्या पत्नींना उतरवलं होतं. म्हणजे मतदारांना निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य होतं: सून हवी की पत्नी, एवढं सांगा. तेव्हा महापालिकेत शिवसेना आणि भाजप यांच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागांचं अंतर होतं. एक जागा तिकडे गेल्याबरोबर निकालाची शाई वाळायच्या आत मनसेचे सातपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. सातातले सहा म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर, त्यामुळे ते पक्षांतर नव्हे. एकटा गेला असता तर जागा रिकामी झाली असती. घोळक्यानं गेले, जागा शाबूत राहिल्या. सहलीला ग्रुप बुकिंग स्वस्त पडतं, तोच हिशेब.

आता कमी सभ्य प्रकार. राखीव जागेवर निवडून आलेल्यानं जातवैधता प्रमाणपत्र ठरल्या मुदतीत दिलं नाही तर त्याचं पद जातं. अर्ज भरताना पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती चालते, प्रमाणपत्र नंतर. ही मुदत सहा महिन्यांची होती. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुदत म्हणजे मुदत. एकट्या कोल्हापुरात वीसेक नगरसेवकांच्या पायाखालची जमीन सरकली. सरकारनं जमीन पुन्हा आणून पायाखाली ठेवली. कायदा बदलून मुदत वाढवली, तीही मागल्या तारखेपासून. याच प्रमाणपत्रासाठी इंजिनिअरिंगची पोरं आईबापांना घेऊन पडताळणी समितीच्या जिन्यात बसलेली असतात. त्यांनी आधी नगरसेवक व्हावं, मग इंजिनिअर. क्रम चुकतोय त्यांचा.

मुंबईत अपात्र ठरलेल्याच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार येऊन बसल्याचीही उदाहरणं आहेत. निकाल लघुवाद न्यायालय देतं. तेव्हा हरलेल्या उमेदवारानं मतमोजणीच्या रात्री खचून न जाता थेट वकील गाठावा. मतदारांनी त्याला दुसरा नंबर दिला, त्यात त्यांची दूरदृष्टीच होती म्हणायची.

सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्यानं पद जातं. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध निघाले तरी जातं. सभांना परवानगीशिवाय सलग काही महिने गैरहजर राहिलं तरी जातं. आणि स्वतः, पती किंवा पत्नीनं वा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं तरीही जातं. हे शेवटचं कलम लिहिणाऱ्याला मी एकदा भेटू इच्छितो. ते एका सकाळी काटेकोर लावलं तर दुपारी गणसंख्येअभावी सभा तहकूब करायला महापौरसुद्धा सापडणार नाहीत.

मात्र नगरसेवक आमदार झाला म्हणून जागा रिकामी होत नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या महापौरच आमदार झाल्या. स्थायी समितीचे अध्यक्षही आमदार झाले. एकाच माणसानं विधानसभेत शहराच्या निधीची मागणी करायची आणि महापालिकेत तो आल्याबद्दल स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडायचा, यात प्रवासखर्च तेवढा वाचतो.

चार जणांच्या प्रभागात तर जागा रिकामी झाल्याचं कळतही नाही. समजा ‘ब’ जागा गेली. तुम्ही ड्रेनेज तुंबल्याची तक्रार घेऊन ‘अ’कडे जाता, ते सांगतात ती लाइन ‘ब’ची. ‘क’ म्हणतात, पोटनिवडणूक लागू द्या, नवीन माणूस बघेल. ‘ड’ भेटत नाहीत, पण त्यांचे यजमान भेटतात आणि ते ठामपणे सांगतात की मॅडमनी पाठपुरावा चालू ठेवलेला आहे. ‘ब’ हयात असतानाही नेमकी हीच उत्तरं मिळायची. फक्त तेव्हा ‘ब’ ती लाइन ‘ड’ची आहे असं सांगत.

काही रिकाम्या जागा घरीच बनवल्या जातात. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची. पक्षश्रेष्ठी ती मधोमध कापून सव्वा-सव्वा वर्षाच्या दोन फोडी करतात. इच्छुक जास्त असतील तर आणखी बारीक चिरतात. कोल्हापूरनं २०१५ ते २०२० या पाच वर्षांत सात-आठ महापौर बघितले. राजीनाम्याचं कारण नेहमी वैयक्तिक असतं आणि ते महिनाभर आधी सगळ्या शहराला ठाऊक असतं. महापौरांच्या गाडीच्या चालकाला तर नव्या घराचा पत्ताही पाठ झालेला असतो.

इतकी सगळी तजवीज आहे ती एका खुर्चीसाठी. एक जागा रिकामी झाली की आचारसंहिता, मतदान केंद्रं, बोटाला शाई, सगळं यथासांग होतं. पण सगळ्याच खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या तर? त्याचा अनुभव आपण नुकताच घेतला, आणि शांततेत घेतला.

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मग नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर. कारणं चोख होती. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना. मुंबईत एका सरकारनं २२७ चे २३६ प्रभाग केले, दुसऱ्यानं २३६ चे २२७ केले. पुण्यात तीनचा प्रभाग की चारचा, यावर तर सरकार बदललं की मत बदलायचं. दरम्यान सर्वोच्च न्यायालयात तारीख. घटनेनं निवडून आलेल्या सभागृहाला पाच वर्षं दिलीत आणि त्यापुढे एक दिवसही नाही असं बजावलंय. निवडून न आलेल्या सभागृहाबद्दल ती तशी काही बोलत नाही. तेवढ्या फटीतून प्रशासक आत आले आणि संभाजीनगरात पाच वर्षं ओलांडूनही बसले. इचलकरंजी आणि जालना या तर नव्या महापालिका. तिथे नगरसेवक जायला आधी यावे लागतात, ते आलेच नव्हते.

प्रशासकाच्या काळात कारभार सुटसुटीत झाला हे मान्य केलं पाहिजे. आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्ताव ठेवायचा, प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. काही राज्यांचं एवढं नसतं. ते मांडायला, त्यावर चर्चा करायला, विरोधात सभात्याग करायला आणि शेवटी मंजूर करायला एकच माणूस पुरला.

पुण्यानं यावरही कडी केली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवक गेले, मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. पोटनिवडणूक घ्यायला निवडणूक आयोगाला सवड नव्हती, कारण आयोग निवडणुकीच्या तयारीत होता. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. असं हे शहर वर्षभराहून जास्त काळ नगरसेवकाविना आणि खासदाराविना राहिलं. खड्डे तेवढेच होते, त्यामुळे पुणेकरांच्या ते फारसं लक्षात आलं नाही. काहींनी तर दुपारी एक ते चार फोन वाजत नाही म्हणून समाधान व्यक्त केलं.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिने दिले. चार महिने अपुरे पडले, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख दिली. १५ जानेवारीला २९ महापालिकांचं मतदान एकदम झालं. भिंतींवर इतकी वर्षं ‘भावी’ म्हणून ऊन खाल्लेल्यांपैकी काही निवडून आले, पुष्कळ पडले.

पडलेल्यांचीही सोय आहे. स्वीकृत नगरसेवकांच्या जागा पूर्वी पाच होत्या, २०२३ मध्ये त्या दहापर्यंत वाढवल्या. स्वीकृताला सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. बऱ्याच निवडून आलेल्यांचा अनुभव बरोबर उलटा आहे. ही जागा तज्ज्ञांसाठी असते: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, शिक्षणतज्ज्ञ, किंवा सामाजिक संस्थेत पाच वर्षं पदाधिकारी राहिलेली व्यक्ती. आमच्या प्रभागात ‘ब’ जागेवर आपटलेले भाऊ सध्या अशा एखाद्या संस्थेच्या शोधात आहेत. व्यायामशाळा त्यांच्या नावावर आहे, पण ती अनधिकृत बांधकामात मोडते. चुलत्याची भजनी मंडळी नोंदणीकृत निघाली, तर तिथलं अध्यक्षपद पाच वर्षं मागच्या तारखेपासून मिळेल का, एवढं विचारायला ते काल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले होते. साहेब जागेवर नव्हते.