बसली का?

परदेशी पोचलेल्या माणसाला घरून पहिला फोन आला की कोण काय विचारणार हे ठरलेलं असतं. आई विचारते, जेवलास का. सासूबाई विचारतात, थंडी किती आहे. वडील विचारतात, तिकडे आत्ता किती वाजले, आणि आपण सांगितलं की बोटांवर हिशोब करून ते बरोबर आहे का बघतात. आमच्या सोसायटीतले नाना विचारतात, "बसली का?"

म्हणजे पिन. नानांनी दिलेली पिन तिथल्या भिंतीत बसली का.

मी पहिल्यांदा लंडनला गेलो तेव्हा माझी बॅग माझ्याबरोबर उतरली नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी हॉटेलच्या खोलीत बसलो होतो, फोनमध्ये चार टक्के बॅटरी, आणि तेवढ्यात नानांचा मेसेज आला. मी जरा घुश्शातच कळवलं की बॅग हरवली आहे आणि पिन बॅगेत आहे. दुसऱ्या कुणीही आधी बॅगेची चौकशी केली असती. नानांचं उत्तर आलं, "तरी म्हटलं होतं हातातल्या पिशवीत ठेव. खाली रिसेप्शनला माग. लोक विसरून गेलेल्या पिनांचा एक खण असतो त्यांच्याकडे." खाली गेलो. खण होता.

कोथरूडमध्ये बसलेल्या माणसाला लंडनच्या हॉटेलातला खण ठाऊक असतो, कारण सोसायटीतला जो कुणी परदेशी जाऊन येतो त्याची नाना साग्रसंगीत उलटतपासणी घेतात. पॅरिसचे फोटो दाखवायला बसा, आयफेल टॉवर ते अंगठ्यानं भराभर पुढे ढकलतात. "खोलीचा नाहीये का एखादा? मागची भिंत दिसेल असा?" आणि चुकून तसा निघालाच, तर दोन बोटांनी मोठा करून पलंगाच्या उशालगतच्या सॉकेटकडे आपण मोनालिसाकडे बघत नाही इतका वेळ बघत राहतात. ते स्वतः मात्र परवापरवापर्यंत नेपाळपलीकडे गेले नव्हते, आणि नेपाळात आपलीच पिन चालते, त्यामुळे तो त्यांच्या लेखी परदेश नव्हताच.

नाना वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक निळा, गोल, पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. इतर घरांत अशा डब्यात सुई-दोरा आणि बटणं असतात. (आमच्याकडेही.) नानांच्या डब्यात जग आहे. प्रत्येक पिनेला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बारीक अक्षर: "इंग्लंड, दुबई, सिंगापूर: तीन चौकोनी." "ऑस्ट्रेलिया: तिरक्या, रुसलेल्या." "युरोप: दोन गोल, आपल्याहून बारीक." "स्वित्झर्लंड: वेगळी. जर्मनीची जाडी तिथल्या खड्ड्यात उतरत नाही." डब्याशेजारी एक दोनशे पानी वही. ब विंग, तिसरा मजला, ऑस्ट्रेलिया, नेली १२ मे, परत... आणि त्यापुढे लाल पेनानं काढलेली रेघ. ब विंगच्या तिसऱ्या मजल्याला अजून वाटतं की नाना आपल्याशी हल्ली जरा तुटक वागतात ते पार्किंगमुळे.

पिन मागायला गेलं की लगेच मिळत नाही. आधी पाऊण तासाचं कीर्तन असतं. पूर्वरंग पिनेचा, उत्तररंग व्होल्टेजचा, आणि मधे बुक्का लावायच्या वेळेला माई चहा आणतात.

पूर्वरंगात हमखास येणारं एक आख्यान १९४७ चं. "त्या साली दोन गोष्टी झाल्या," नाना एक बोट वर करतात, "एक तुला माहीत आहे. दुसरी अशी, की इंग्रजांनी त्याच साली स्वतःसाठी नवा प्लग ठरवला. चौकोनी पिना, पोटात फ्यूज, वरची अर्थिंगची पिन लांब. ती आधी आत शिरते आणि खालच्या दोन भोकांची झाकणं उघडते. म्हणजे पोरानं खिळा घातला तरी शॉक नाही. आणि आपल्याला काय ठेवून गेले? आपला जुना, गोल तीन पिनांचा." हे नाना अशा आवाजात सांगतात की कोहिनूर हिरा त्यामानानं किरकोळ वाटावा.

उत्तररंगात भिंग निघतं. "पिन जुळली म्हणजे नुसती पसंती झाली," ते आपला चार्जर उलटा करत म्हणतात, "पत्रिका लेबलावर असते." लेबलावरची अक्षरं मुंगीच्या मानानंही बारीक. नाना ती मोठ्यानं वाचतात. "इनपुट, शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट, पन्नास-साठ हर्ट्झ. ही कुठेही नांदेल." फोन, लॅपटॉप, कॅमेरा, सगळ्यांच्या चार्जरवर हल्ली हीच ओळ असते आणि त्यांना नुसती पिन पुरते. ही ओळ न वाचता कुणी फोनसाठी व्होल्टेज कन्व्हर्टर विकत आणला असेल तर नाना त्याला रागावत नाहीत. ते फक्त किंमत विचारतात आणि ऐकल्यावर डोळे मिटून घेतात.

त्यांचा खरा राग तापणाऱ्या वस्तूंवर. इस्त्री, किटली, केसांची यंत्रं. "जे तापतं ते घरी राहतं," हे त्यांचं वाक्य. सी विंगमधले एक निवृत्त मुख्याध्यापक मुलाकडे अमेरिकेला निघाले तेव्हा पाणी गरम करायचा छोटा कॉइल घेऊन गेले, कारण सुनेला पहाटे पाचला चहासाठी उठवायचं नाही. पिन नानांचीच होती, बसलीही. पण तिथली वीज १२० व्होल्टची. दाब निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, पाव होते. हजार वॅटचा कॉइल तिथं जेमतेम पावणेतीनशेचा झाला. मुख्याध्यापक पहाटे कपाशी बसून राहिले आणि पाणी कोमट होईतो सून स्वतःच उठून आली. ही हकिगत नाना इतक्यांदा सांगतात की मुख्याध्यापकांनी आता जिना बदलला आहे.

उलट दिशेची हकिगत आमच्या घरची. भावानं अमेरिकेहून हिच्यासाठी हेअर ड्रायर आणला. मी पिन लावली, बटण दाबलं. सुरुवातीला मला वाटलं, काय जोर आहे बघा अमेरिकन मालाचा! तिकडच्या दाबासाठी केलेल्या वस्तूला आपला २३० दिला की ती जवळजवळ चौपट शक्तीनं तापते, हे मला दहा-बारा सेकंदांनी नाकानं कळलं. नाना आले. त्यांनी तो ड्रायर दोन्ही हातांनी उचलला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं आणि मुठीवरची एक बारीकशी खाच मला दाखवली. एका बाजूला १२५, दुसऱ्या बाजूला २५०. "नाण्यानं फिरवायची असते," ते हळूच म्हणाले. खिशातून एक रुपया काढून त्यांनी ती फिरवलीही. ड्रायर तर गेलेलाच होता. पण त्याला असं उलटं ठेवणं त्यांना बघवेना.

माझ्या मावशीचा मिक्सर हा त्यांच्या कारकिर्दीतला कळस. सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला, तर स्वतःचा साडेसातशे वॅटचा मिक्सर हवाच. नानांनी समजावलं की छोटा, हलका कन्व्हर्टर मिळतो तो नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी, मोटारीला ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही दुप्पट ताकदीचा. मावशी म्हणाली, चालेल. मग नाना तिला आणि मला तपकीर गल्लीत घेऊन गेले. दुकानदारानं ट्रान्सफॉर्मर काउंटरवर ठेवला तेव्हा काउंटर वाजलं. "उचला," नाना म्हणाले. मावशीनं प्रयत्न केला. "आता यापेक्षा पाटा-वरवंटा नेलात तर बरं, त्याला व्होल्टेज लागत नाही. नाहीतर तिकडे देशी दुकानात एकशेदहाचा मिक्सर मिळतो." हे ते घरी बसूनही सांगू शकले असते. पण मग ती गल्ली हुकली असती, आणि तिथं त्यांना नावानं ओळखतात.

विमानतळावर मिळणाऱ्या, साऱ्या जगाला चालणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. तो म्हणे स्वतःच्याच वजनानं भिंतीतून ओघळतो, आणि बहुतेकांत अर्थिंग नसतं. अर्थिंग या शब्दाला नाना किंचित थांबतात. त्यांच्या डब्यातली सगळ्यात लाडकी पिन त्यामुळेच "अमेरिका-जपान" अशा पट्टीची: दोन चपट्या आणि खाली अर्थिंगची गोल. एकदम भक्कम. ती सहसा कुणाला देत नाहीत.

गेल्या एप्रिलमध्ये नाना आणि माई टूरबरोबर जपानला गेले. माईंना चेरीचा बहर बघायचा होता. नानांना काय बघायचं होतं ते त्यांनी निघायच्या आदल्या रात्री मला सांगितलं. १८९५ च्या सुमाराला टोकियोनं जर्मनीहून जनित्रं आणली ती पन्नास हर्ट्झची, पाठोपाठ ओसाकानं अमेरिकेहून आणली ती साठची, आणि तेव्हापासून एका देशात दोन विजा नांदताहेत. २०११ च्या भूकंपानंतर टोकियोकडे वीज कमी पडली, पण पश्चिमेची वीज हवी तितकी इकडे वळवता आली नाही. "शेजारी तांदूळ आहे आणि आपल्या मापात बसत नाही," नाना म्हणाले. मंडळात त्यांनी लोडशेडिंगची वर्षं काढली होती. त्या एका वाक्यानंतर ते जरा वेळ काही बोलले नाहीत.

ते टोकियोला उतरले त्या दिवशी मी मुद्दाम मेसेज केला, "बसली का?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "बसत नाही!" नानांच्या आयुष्यातलं मी पाहिलेलं हे पहिलं उद्गारचिन्ह. पाठोपाठ सॉकेटचे सात फोटो, शेजारी सहा इंची पट्टी धरलेली. भिंतीत दोनच चपटी भोकं. अर्थिंगच्या गोल पिनेला जागाच नव्हती. आणि शेवटी, "रिसेप्शनला खण आहे. आपल्यापेक्षा मोठा. घरी किल्ली आहे ना? वहीत जपान वेगळं लिही. लाल पेन नको."

तीन दिवसांनी ते टोकियोहून बुलेट ट्रेननं क्योटोला निघाले. दुपारी माईंचा फोटो आला: खिडकीत फुजी पर्वत, माथ्यावर बर्फ, आकाश अगदी स्वच्छ, जाहिरातीत असतो तस्सा. डब्यातले सगळे फोन वर धरून उभे. कोपऱ्यात काचेला नाक लावून बसलेले नाना, खाली बघत.

मिनिटभरानं त्यांचाही फोटो आला. हललेला, पुलाचे दोन लोखंडी गज आणि त्यांच्यामधून दिसणारं राखाडी नदीपात्र. डोंगराचा पत्ता नाही. खाली लिहिलं होतं, "फुजी नदी. पन्नास संपलं. इथून साठ."