गारेगार गृहस्थ

नवीन पनवेलच्या कुठल्याही सोसायटीत हे गृहस्थ सापडतात. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी मुंबईत. हॉलच्या कोपऱ्यात डेस्कटॉप. त्याचं बाजूचं झाकण हवा खेळावी म्हणून एकदा काढलं, ते पलंगाखाली गेलं ते गेलंच. त्यावर काम काय, तर सोसायटीची मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये भरायची. एवढ्याने प्रोसेसरला घामही फुटत नाही, पण तापतात ते गृहस्थ.

त्यांना आवाज सहन होत नाही. खाली हायवेवर ट्रेलर हॉर्न मारतायत, डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर खडखडतोय, कुकरची चौथी शिट्टी झालीय, यातलं काही त्यांच्या कानात शिरत नाही. मधेच ते बोट वर करतात. “ऐकलंस? घरघरला!”

“अहो, आधी गॅस बंद करा.”

अभ्यास मात्र पक्का. कॉम्प्युटरच्या पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच होते. म्हणून छोटा पंखा गरागरा फिरवण्यापेक्षा 140 मिलिमीटरचा संथ फिरवावा, हे ते लग्नाच्या पंगतीतही समजावतात. मग रविवारी हार्बर लोकलने मुंबई, तिथून लॅमिंग्टन रोड, आणि परतताना मांडीवर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा तपकिरी पंखा. बरोबर सांगितलेली कोथिंबीर राहते.

पंखा बसवायचा दिवस म्हणजे घरात सोवळं. चौफेर टॉवर उठतायत, त्यांची धूळ पावसाळी दमटपणात हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखी बसलेली. ती ब्लोअरने उडवताना गृहस्थ पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतात, उगाच भन्नाट फिरून बेअरिंग जायला नको. सुकून खडू झालेली थर्मल पेस्ट जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसली जाते. नवी लावायची ती तांदळाच्या दाण्याएवढी.

“कोलम की बासमती?” स्वयंपाकघरातून विचारणा होते. गृहस्थ खरोखर विचारात पडतात.

मग बायॉसमध्ये शिरून साठ अंशांपर्यंत पंख्याने दम धरावा अशी आखणी होते. काम फत्ते! यंत्र इतकं शांत होतं की चालू आहे की नाही हे दिवा बघून ठरवावं लागतं. आता उरतो तापमानाचा आकडा. मे महिन्यात खोलीतच 35 अंश असताना नुसत्या हवेवर प्रोसेसर त्याखाली आणणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. हे शास्त्र गृहस्थांना ठाऊक आहे, आणि त्यावरून निघणारा निष्कर्षही.

घरच्यांनी चार उन्हाळे मागितलेला एसी एका संध्याकाळी मंजूर होतो. “कॉम्प्युटरची गरज आहे,” ते गंभीरपणे सांगतात. वीजबिलाचं व्याख्यान ठरलेलंच: यंत्र चालू असेल तेवढाच वेळ एसी.

आजी गादी हॉलमध्ये ओढून आणतात आणि पांघरूण घेता घेता मुलाला बजावतात, “रात्री तो कॉम्प्युटर बंद करू नकोस हां.”