तोंडात बोळा, समोर काका

अक्कलदाढ काढून आलं की तोंडातला कापसाचा बोळा निदान अर्धा तास घट्ट चावून धरायचा असतो. अनुभवी काका नेमके त्याच अर्ध्या तासात येतात. एरवी गुडघ्यांच्या नावाने कुरकुरणारे काका, वॉचमनकडून दाढेची बातमी कळली की लिफ्टचीसुद्धा वाट पाहत नाहीत.

"बोलू नकोस हं, अजिबात बोलू नकोस," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या वाट्याचंही बोलायला घेतलं.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. मोतीबिंदू, मूतखडा, अपेंडिक्स, काहीही असो, त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला तरी ते होऊन गेलेलं असतं आणि त्याचं सगळं काकांनीच निस्तरलेलं असतं. पण त्यांचा खरा जीव दाढेत. मूतखड्याचा पेशंट कण्हता कण्हता उलट उत्तर देऊ शकतो, दाढेवाला नाही.

"वरची की खालची?"

मी बोटाने खाली दाखवलं. काका जरा हिरमुसले. वरची दाढ काढली की नजर जाते, हे त्यांचं हुकमी भाषण. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी, हे दातांचे डॉक्टर सांगून थकले. पण स्वतःच्या तोंडात बोळा नसल्यामुळे काकांनी त्यांचं कधी ऐकलं नसावं. मग खालच्या दाढेवर त्यांनी वरच्या दाढेचं भाषण केलं. एक्स-रे दिव्यासमोर उलटा धरून "आडवीच होती" असा निर्वाळा दिला. (दाढ खरंच आडवी होती. उलटा धरला तरी आडवं ते आडवंच.) "ही दाढ सतरा ते पंचविसात येते. तू पस्तिशीत काढलीस, म्हणजे अक्कल दहा वर्षं वापरलीस की नाही?" यावर ते एकटेच हसले. मला हसायला टाके परवानगी देत नव्हते.

मग उपाय. "आत्ताच्या आत्ता कढत मीठपाण्याच्या खळखळून गुळण्या कर." डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले चोवीस तास गुळणी नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने ओढणं नाही, खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ब्रह्मांड आठवतं. हे सगळं मी "ऊं ऊं"मध्ये सांगितलं. काकांना तो होकार वाटला. पुढे मशेरी आली, तुरटी आली, लवंगतेल आलं. आता असा खड्डा उघडा पडलाच, तर डॉक्टर त्यात जे औषध भरतात त्यात बहुतेकदा लवंगेचाच अर्क असतो. पण हे कृपया काकांपर्यंत जाऊ देऊ नका.

"आणि आईस्क्रीम? छे! थंडाने सूज येते," म्हणून माझी वाटी त्यांनी स्वतःच संपवली.

तिसऱ्या दिवशी गाल फुगून टम्म झाला. तो तेव्हाच सर्वांत जास्त सुजतो, असं डॉक्टरांच्या कागदावरही छापलं होतं. काका खास तो बघायला आले. "म्हटलं नव्हतं?" एवढं विजयाने म्हणून बसले. आईने मला आटवल भात आणि त्यांना चिवडा दिला.

बोलता येत नसलं की माणूस बघायला लागतो. काका चिवडा फक्त डाव्या बाजूने चावत होते. एक शेंगदाणा चुकून उजवीकडे गेला आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. मी भुवया उंचावल्या. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "इंजेक्शन फार दुखतं का रे? तीन वर्षं झाली, काढ काढ म्हणतायत."

बुधवारी संध्याकाळी सहाची वेळ मीच त्यांना घेऊन दिली आहे. सातच्या आत त्यांच्या तोंडात बोळा असेल. सोसायटीतल्या ज्यांना ज्यांना काकांशी काही बोलायचं राहून गेलं असेल, त्यांनी वेळेवर यावं. अर्धाच तास मिळणार आहे.