खिशातला तोतया

महसूल खात्यात सदतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकून या पदावरून मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात वरिष्ठांनी माझ्याविषयी जे चार शब्द काढले त्यांत, 'यांनी कोणताही कागद कधी विनाकारण पुढे सरकू दिला नाही' हे एक वाक्य होते. ते स्तुतिपर होते की अन्यथा, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. सांगण्याचा हेतू एवढाच की, ज्याचा पिंड असा सावकाश, सावध आणि दप्तरात मुरलेला, त्या गृहस्थाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी साडेसहा इंचांच्या मोबाइलवर डेबियन लिनक्सचा अखंड डेस्कटॉप बसवण्याचा उद्योग आरंभावा, यात त्याचा स्वतःचा दोष फार थोडा आहे. बराचसा दोष भाच्याचा, काही लॅपटॉपचा, आणि उरलेला आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारपदाचा.

लॅपटॉप ऐन मार्चअखेरीस गेला. दुरुस्तीवाल्याने त्याला उताणा पाडला, पोटाचे झाकण उघडले आणि जो आकडा सांगितला त्यात त्याच्या मते मदरबोर्ड येत होता व माझ्या मते एक मध्यम प्रतीची मुंज येत होती; सबब मी त्या यंत्राला पुन्हा पिशवीत घालून घरी आणले आणि कपाटावर जुन्या पंचांगांच्या शेजारी ठेवून दिले. संस्थेचा हिशेब मात्र थांबायला तयार नव्हता. अशा प्रसंगी आमचा भाचा, जो हिंजवडीस एका कचेरीत काहीतरी करतो आणि ते काय हे त्याने तीनदा समजावून सांगितले असूनही मला चौथ्याला सांगता येत नाही, रविवारी जेवायला आला आणि आमटीचा भुरका मारता मारता म्हणाला, "मामा, लॅपटॉप कशाला हवाय तुम्हाला? खिशात आहे तो कॉम्प्युटरच आहे. आत लिनक्स आहेच की!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक कार्यप्रणाली रचत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा आपला केवळ छंद आहे, यातून मोठे असे काही व्हायचे नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. त्या छंदाचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात धडधडत असतो. त्याच वर्षी आमच्या तहसील कचेरीत दोन टंकलेखन यंत्रे होती आणि त्यांपैकी एकाचा 'ळ' उमटत नसे. त्यामुळे त्या साली तालुक्यातली झाडून सारी कुळे आम्ही टंकलिखित कागदावर शाईने पुरी केली. एकाच साली पृथ्वीच्या दोन टोकांना किती भिन्न उद्योग चाललेले असतात, या विचाराने मी आजही अंतर्मुख होतो.

गाभा लिनक्सचा असला तरी त्यावरचा वाडा अँड्रॉइडचा आहे, आणि त्या वाड्यात आपल्याला फक्त ओसरीपर्यंत प्रवेश आहे, हे मला टर्मक्स नावाच्या ॲपने प्रथम कळवले. हे ॲप म्हणजे एक काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक चौकट. बाकी काही नाही. भाच्याने शिकवलेली पहिली आज्ञा होती 'हूॲमआय', तीन शब्द सलग, मध्ये जागा न सोडता. ज्या 'कोऽहम्' या प्रश्नापायी आपल्याकडे ऋषिमुनींनी अरण्ये गाठली, तो प्रश्न मी पलंगावर लोडाला टेकून अंगठ्याने विचारला आणि निमिषार्धात उत्तर आले: यू-शून्य, अधोरेषा, ए-दोनशे सतरा.

आयुष्यभर दुसऱ्यांना गट नंबर वाटत आलेल्या माणसाला स्वतःचा गट नंबर असा अवचित कळावा, हा काव्यगत न्यायच म्हणायचा. त्यामागचा बंदोबस्त मात्र पाहण्यासारखा आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप हे स्वतंत्र खातेदार. त्याचा बांध वेगळा, त्याची नोंद वेगळी, एकाने दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकायचे नाही. सर्वांवर ज्याचा अंमल चालतो तो रूट, आणि रूट म्हणजे आपण नव्हे. फोनचे पैसे मी रोख मोजलेले, पावती टेबलाच्या खणात जपून ठेवलेली, आणि तरीही त्या फोनमध्ये माझा दर्जा कुळाचा! १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक मानण्याची तजवीज केली, त्या कायद्याची पोटकलमे मी झोपेत म्हणून दाखवू शकतो. परंतु रोज दहा तास फोन कसणाऱ्या इसमाला मालकी देणारे कलम त्यात नाही. खरा मालक व्हायचे तर फोनचे कुलूप तोडावे लागते. त्यात आतले सर्व चित्रसंग्रह व चिठ्ठ्याचपाट्या पुसल्या जातात, आणि अशा बंडखोर फोनवर बँकांची कित्येक ॲपे उघडायलाच नकार देतात. निवृत्तिवेतन बँकेत येते. मी बंडाचा विचार सोडला.

"मग प्रूट," भाचा म्हणाला.

प्रूट हा प्रकार मला समजायला दोन दिवस लागले, आणि समजला तेव्हा तो मला इतिहासातून समजला. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची वदंता उठली आणि पुढे एक इसम खरोखरच 'मीच तो' म्हणून प्रकट झाला. कोकणातले काही किल्लेही त्याच्या हाती गेले. शेवटी १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले आणि न. चिं. केळकरांना 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय मिळाला. प्रूट हा तसाच तोतया उभा करतो. प्रोग्रॅम गाभ्याकडे जो जो अर्ज पाठवतो तो मध्येच अडवून, त्यावरचा पत्ता खोडून, दुसरा घालून पुढे रवाना करणारा हा कारकून आहे. प्रोग्रॅम म्हणतो, सरकारच्या मुख्य दप्तरातला अमुक कागद द्या. प्रूट तेच दप्तर टर्मक्सच्या स्वतःच्या कोठीत कोपऱ्यात मांडून ठेवतो आणि तिथला कागद काढून देतो. याकरिता तो जी सोय वापरतो ती मुळात एका प्रोग्रॅमने दुसऱ्यावर नजर ठेवून त्यातले दोष हुडकावेत म्हणून केलेली आहे; तिचा असा उपयोग होईल हे करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसावे. प्रत्येक अर्ज एका टेबलावर जास्तीचा थांबत असल्यामुळे सारा कारभार मंदगतीने चालतो. भाचा या मंदपणाबद्दल दिलगिरी व्यक्त करीत होता. मला त्यात घरी आल्यासारखे वाटले.

डेबियन उतरवून घेतले, आत शिरलो, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. उत्तर आले, 'रूट'. ए-दोनशे सतरा या पामराला खुद्द सरकारांची वस्त्रे! खोटी आहेत हे ठाऊक असूनही मी पाठीचा कणा ताठ करून बसलो, आणि पाणी देण्यास आलेल्या आमच्या सौभाग्यवतींना कारण विचारावेसे वाटले नाही, यावरून माझ्या मुद्रेवर काय उमटले असेल याची कल्पना येते.

डेबियनविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९३ साली इयन मर्डॉक याने हा प्रकल्प काढला तेव्हा आपल्या डेब्रा या प्रेयसीचे नाव आधी व स्वतःचे नंतर लावून त्याने 'डेबियन' हा संधी केला. सुधा आणि सुधाकर मिळून बंगल्याच्या फाटकावर 'सुधाद्वय' कोरणारी आमची कोथरुडी मंडळी त्या अर्थाने जागतिक परंपरेत बसतात. मी बसवलेली आवृत्ती बारावी, २०२३ ची, आणि तिचे नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकातला किडा. या आवृत्त्यांना एका बोलपटातल्या खेळण्यांची नावे देतात, हे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, "खेळणं आहे हे मान्य केलंत, हे बरं झालं."

डेस्कटॉपचे सामान उतरवताना यंत्र दर खेपेस 'पुढे जाऊ का?' असे विचारते आणि कंसात हो व नाही यांची आद्याक्षरे देते. त्यात 'हो'चे अक्षर मोठे असते. त्याचा अर्थ असा की, तुम्ही काहीच न लिहिता नुसते बटण दाबलेत तर होकार समजला जातो. मी बराच वेळ त्या मोठ्या अक्षराकडे बघत राहिलो. आमच्या कचेरीत अर्जदाराने काहीच केले नाही तर अर्ज निकाली निघे. होकार गृहीत धरणारे दप्तर या जगात असू शकते, हे मला निवृत्तीनंतर पाच वर्षांनी कळले.

पुढची कसरत पडद्याची. टर्मक्सला चित्र काढता येत नाही, म्हणून व्हीएनसी नावाची व्यवस्था करावी लागते. तिच्यात एक सेवक फोनच्या आत अदृश्य चित्र काढत बसतो आणि दुसरे ॲप ते चित्र मागवून दाखवते. वस्तुतः ही योजना एका गावचा संगणक दुसऱ्या गावाहून पाहता यावा म्हणून आहे. माझ्याकडे दोन्ही गावे एकाच खिशात. माजघरातल्या माणसाने स्वयंपाकघरातल्या माणसाला रजिस्टर टपालाने चहा मागवावा, तसा तो पाच हजार नऊशे एक क्रमांकाच्या खिडकीवरून चालणारा पत्रव्यवहार. पण अखेर तो निळसर पडदा उजळला, वरच्या कोपऱ्यात एक्सएफसीई या डेस्कटॉपवाल्या मंडळींचे उंदराचे चिन्ह प्रकट झाले, आणि मी मनोमन हात जोडले. वाहन आले म्हणजे दैवत मागोमाग असणारच.

आता त्या दर्शनाचे मान सांगतो. खिडकी बंद करण्याची फुली खसखशीच्या दाण्याएवढी. बाण तिळाएवढा. माझे बोट, परमेश्वराच्या कृपेने, भरल्या वांग्यातल्या वांग्याच्या जातीचे. मी फुलीवर बोट ठेवले की खिडकी लहान होई, लहान करायला गेलो की ती मोठी होई, आणि मोठी झाली की तिची फुली पडद्याच्या बाहेर निघून जाई. लिहिण्यासाठी कळफलक वर काढावा तर तो अर्धा मुलूख खालसा करी. अखेर भाच्याने एक वायर आणून तिला कपाटावरच्या दिवंगत लॅपटॉपचा माउस जोडला, फोन पोळपाटाला टेकवून उभा केला, आणि मी जवळचा चष्मा लावून, वर भिंग धरून, कारभारास बसलो. पोळपाट त्या दिवशी साडेअकराला मागण्यात आला व कचेरी बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी हिशेबासाठी लिब्रेऑफिस उघडले आणि 'जिन्यातील दिवा' असे लिहिले, तो त्या जागी ओळीने चौकोनी डबे उमटले. मजकूर आत शाबूत होता, परंतु देवनागरीचा टंक नसल्यामुळे यंत्र मला प्रत्येक अक्षराचे रिकामे घर दाखवत होते. लोहित नावाचा टंक उतरवल्यावर अक्षरे घरी परतली, आणि त्यात 'ळ' सुबक होता.

हिशेब अर्ध्यावर आला असेल-नसेल, तोच सारा डेस्कटॉप पुसला जाऊन काळ्या पडद्यावर दोन ओळी राहिल्या: काम संपले, सिग्नल नऊ, एंटर दाबा. पुन्हा उभारले, पुन्हा सिग्नल नऊ. या सिग्नलांची परिभाषा मला भाच्याने सांगितली आणि ती तत्काळ समजली. सिग्नल पंधरा म्हणजे कारणे दाखवा नोटीस. प्रोग्रॅमला आवराआवर करायला, कागद जागच्या जागी ठेवायला सवड मिळते. सिग्नल नऊ म्हणजे तडकाफडकी बडतर्फी. तो अडवता येत नाही, ऐकून घेतला जात नाही, अपील नाही. फोनच्या बाराव्या अँड्रॉइडपासून असा दंडक आहे की, ॲपांनी आपल्या पोटी जन्माला घातलेली लेकरे साऱ्या फोनमध्ये मिळून बत्तीसच्या वर जाऊ द्यायची नाहीत. बॅटरीच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण माझा डेस्कटॉप म्हणजे नांदते घर; त्यात घड्याळाला एक लेकरू, उंदराला एक, पडद्याला तीन.

यावरचा तोडगा नव्या फोनांत विकसकांसाठी राखलेल्या दालनात असतो, आणि त्या दालनात शिरण्यासाठी 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवावे लागते. काही पावले पडल्यावर फोन स्वतःच उरलेली मोजू लागतो आणि सातवे पडताच 'आपण आता डेव्हलपर झाला आहात' असे जाहीर करतो. आमच्या लग्नातही सातच पावले होती. त्यांचा परिणाम इतक्या त्वरेने नजरेस आला नव्हता.

मग मात्र कारभार सुरळीत चालला आणि तिसऱ्या रात्री हिशेब पुरा झाला. तो चिटणिसांकडे पाठवायचा म्हणून व्हॉट्सॲप उघडले, तर तिथे त्या फाइलचा मागमूस नाही. कसा असेल? कागद तोतयाच्या दप्तरात, दप्तर ए-दोनशे सतराच्या कोठीत, आणि दुसऱ्या खातेदाराला तिथे डोकावण्याची मनाई. ज्या बंदोबस्ताचे मी वर कौतुक केले तोच आडवा आला. सरहद्दीवरून माल पलीकडे नेण्याची एक रीतसर परवानगी असते, हे मला नंतर समजले. त्या रात्री मी सौभाग्यवतींचा फोन मागून घेतला आणि त्यांच्या फोनने माझ्या फोनचे छायाचित्र काढून पाठवले.

सकाळी चिटणिसांचे उत्तर आले: "भाऊ, आकडे दिसत नाहीत, मागे पोळपाट दिसतोय. वहीत लिहून द्या."

वहीत लिहून दिले. बेरीज घेताना चाळीस रुपयांची तूट निघाली. जिन्यातल्या दिव्याची नोंद दुसऱ्या सिग्नल नऊमध्ये वाहून गेली होती, आणि तिचे बिलही सापडेना. ते चाळीस रुपये मी पदरचे भरले व रीतसर पावती मागितली. चिटणिसांनी पेन उघडून विचारले, "नाव काय लावू?" दोन-तीन क्षण माझ्या जिभेवर भलतेच नाव येऊन थांबले होते.

"खजिनदार, एवढंच लिहा," मी म्हणालो.